चूक थोडी माझीही होती: पायी चालणाऱ्याने अपघाताचा दावा कसा करावा

२०२३ च्या जुलैत, भर पावसात, गोव्यातल्या बार्देश तालुक्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६६ वर एका थांब्यावर मी बसमधून उतरलो. एका हातात छत्री, काखेत कापडाचा गठ्ठा. बस सुटेपर्यंत थांबायला हवे होते. थांबलो नाही. तिच्या तोंडासमोरून रस्ता ओलांडायला निघालो आणि बसला उजवीकडून ओव्हरटेक करत आलेल्या भाड्याच्या स्कूटरने मला उडवले. उजव्या पायाची घोट्यावरची दोन्ही हाडे मोडली. मी शिंपी आहे, म्हापशात दुकान आहे, आणि माझे मशीन पायाने चालते.

इस्पितळात भेटायला आलेला प्रत्येक जण एकच बोलला: ‘तू बसच्या पुढून गेलास ना? मग आता क्लेम कसला मिळतोय!’ स्कूटरवाल्याचे तेच, शेजाऱ्यांचे तेच. मीही दोन महिने तेच धरून बसलो. दावा लावायला मुदत असते सहा महिन्यांची, त्यातले दोन असे गेले. मी वकील नाही. पण सगळी वाट चालून आलोय, म्हणून सांगतो.

१. आधी हा गैरसमज काढून टाका

पायी चालणाऱ्याची चूक असली म्हणजे दावा बुडाला, असे कायदा कुठेच म्हणत नाही. चूक दोघांची असेल तर न्यायाधिकरण (अपघाताचे दावे ऐकणारे कोर्ट) ती टक्क्यांत वाटते आणि तुमच्या वाट्याचे टक्के भरपाईतून कापते. कोर्टात याला सगळे ‘कॉन्ट्रिब्युटरी’ म्हणतात, पूर्ण नाव कॉन्ट्रिब्युटरी नेग्लिजन्स. आठ लाखांचे नुकसान आणि तुमची चूक २५ टक्के, तर हातात सहा लाख.

हे टक्के ठरवायचे कोष्टक कायद्यात नाही. रस्ता किती रुंद होता, धडक नेमकी कुठे बसली, उजेड किती होता, जवळपास झेब्रा होता का, गाडीचा वेग किती, तुमच्या कानाला फोन होता का, अशा गोष्टींवरून न्यायाधीश ठरवतात. झेब्रा सोडून ओलांडले एवढ्यावरच तुम्ही दोषी ठरत नाही. आमच्या थांब्याच्या आसपास पट्टे नव्हतेच, मग ओलांडणार कुठून? आणि तुमची चूक आहे असे जो म्हणतो, ती सिद्ध करायची जबाबदारीही त्याचीच. लहान मुलांकडून तर मोठ्यांइतक्या सावधपणाची अपेक्षाच धरत नाहीत.

अजून एक. दोन वाहनांच्या चुकीत तुम्ही सापडला असाल, म्हणजे बस भलत्या जागी उभी आणि स्कूटर भरधाव, तर त्या दोघांतली वाटणी ही त्यांची डोकेदुखी. तुम्ही पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकता. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

२. इस्पितळातला पहिला कागद

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्या, जिल्हा इस्पितळात न्या नाहीतर खाजगीत, कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न एकच असतो: ‘काय झाले?’ त्याचे जे उत्तर लिहिले जाते ते पुढे तीन वर्षे तुमच्या मागे येते. आणलेल्या माणसाने गडबडीत ‘रस्त्यावर पडले’ म्हटले तर कागदावर पडल्याचेच येते, आणि मग विमा कंपनी विचारते, ‘वाहन होते तरी का?’ तेव्हा शुद्धीत असाल तर स्वतः सांगा: अमुक वाहनाने धडक दिली. नंबर माहीत असेल तर तोही. केस ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) म्हणून नोंदली गेली का, तेही विचारा.

दारूचा वास आल्याचा शेरा पडला आणि तुम्ही प्यायला नसाल, तर तिथल्या तिथे रक्त तपासून घ्यायला सांगा. नुसत्या वासाच्या शेऱ्यावरही कंपनीचा वकील बराच वेळ बोलू शकतो.

रस्ता अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजनाही आहे: नेमलेल्या इस्पितळांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत. चूक कोणाची हे तिथे आड येत नाही. माझ्या वेळी ती नव्हती.

३. एफआयआर: माझी सगळ्यात महाग चूक

मी ऑपरेशनच्या टेबलावर असताना तक्रार द्यायला भाचा गेला. तो अपघाताच्या जागी नव्हता. आईकडून ऐकलेले त्याने सांगितले: ‘मामा घाईत होते.’ ठाण्यावर तक्रार इंग्रजीत टाइप झाली, त्यात ‘घाईत’चे ‘धावत’ झाले, आणि त्याने न वाचता सही केली. मी छत्री आणि गठ्ठा घेऊन धावत होतो! पन्नाशीकडे झुकलेला माणूस, एका हातात छत्री. पण कागदावर मी धावत आलो आणि ‘अचानक’ आलो.

म्हणून:

- तक्रार शक्यतो प्रत्यक्ष पाहणाऱ्याने द्यावी. तसा कोणी नसेल तर ‘मी स्वतः पाहिलेले नाही, ऐकून सांगतो’ हे वाक्य त्यात घालून घ्या.
- मराठीत किंवा कोंकणीत सांगत असाल आणि लिहिणारा इंग्रजीत लिहीत असेल, तर सहीआधी आपल्या भाषेत वाचून दाखवायला सांगा. ‘अचानक’, ‘धावत’, ‘एकदम’ असे शब्द तुम्ही उच्चारले नसतील तर काढायला लावा.
- तक्रारदाराला एफआयआरची प्रत फुकट मिळते. त्याच दिवशी घ्या.
- चूक राहूनच गेली तर साध्या कागदावर खुलासा लिहून पोलीस निरीक्षकांच्या नावे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. मी हे अकराव्या दिवशी पलंगावरून केले. त्याच कागदाने मला तारले.

पंचनाम्याचे नकाशेही असेच बघा. धडकेची जागा रस्त्याच्या कडेपासून किती मीटरवर दाखवली आहे, बस कुठे दाखवली आहे? माझ्या नकाशात बसच नव्हती. पंच येईपर्यंत ती पुढच्या फेरीला गेलेली. सुदैवाने माझ्या मुलाने स्कूटर हलवायच्या आधी मोबाइलवर चार फोटो काढले होते आणि त्यातल्या एकात बसची मागची काच दिसते. नुसत्या पंचनाम्याच्या नकाशावरून पादचाऱ्याच्या माथी चूक मारता येत नाही, त्याला साक्षीपुराव्याची जोड लागते. तरी फोटो हवेतच.

समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर दुसऱ्याच दिवशी जा. काही दिवसांनी जुने चित्रण आपोआप पुसले जाते. चित्रण कॉपी करून घेताना ज्याच्या मशीनमधून घेतले त्याच्याकडून प्रमाणपत्र लागते. त्याशिवाय कोर्टात ते दाखल करायला अडचण येते.

साक्षीदार शोधताना गाडीतल्या लोकांपेक्षा थांब्यावरच्या लोकांकडे जा. माझी साक्षीदार म्हणजे थांब्यावर मासळी घेऊन बसणारी एक बाई. तारखेच्या दिवशी धंदा बुडवून ती आली.

४. वाहन, मालक, विमा

नंबर मिळाला की परिवहन खात्याच्या ॲपवर वाहनाची माहिती आणि विम्याची मुदत दिसते. थर्ड पार्टी विम्यात रस्त्यावरच्या माणसाच्या इजेसाठी रकमेची कमाल मर्यादा नसते, म्हणून विमा जिवंत आहे की नाही हे आधी बघा.

गोव्यात एक खास भानगड आहे. भाड्याने द्यायच्या दुचाकीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे लागतात. पण पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खाजगी गाड्याही किनाऱ्याजवळ गुपचूप भाड्याने दिल्या जातात. अशा गाडीने उडवले तर कंपनी ‘पॉलिसीच्या अटींचा भंग’ म्हणून हात झटकायला बघते. म्हणून दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही प्रतिवादी करा. चालक पर्यटक असेल तर तो चार दिवसांत आपल्या गावी जातो. त्याच्या परवान्याचा फोटो आणि कायमचा पत्ता पोलिसांच्या कागदात आला आहे ना, हे तपासा. नाहीतर नोटीस बजावण्यातच वर्ष जाते.

वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर वाट वेगळी. हिट अँड रनच्या सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार मिळतात. अर्ज तालुक्याच्या महसूल कार्यालयाकडे, म्हणजे आपल्याकडे उपजिल्हाधिकारी किंवा मामलेदार.

५. कोणते कलम: १६४ की १६६?

ज्याची स्वतःचीही थोडी चूक आहे अशा माणसाने सगळ्यात जास्त विचार इथे करायचा, आणि बहुतेकांना हे कोणी सांगतच नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चुकीचा प्रश्नच येत नाही. चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. रक्कम मात्र ठरलेली: मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर इजेसाठी अडीच लाख. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर इजा. चुकीची चर्चा नाही म्हणून टक्क्यांची कापाकापीही नाही.

कलम १६६ खाली खरे नुकसान जेवढे, तेवढे मागता येते. पण चालकाची चूक दाखवावी लागते आणि तुमची चूक मोजली जाते.

साधा अंदाज असा. साक्षीदार नाही, फोटो नाही, रात्रीची वेळ, तुम्ही प्यायलेले, शिवाय इजा पूर्ण बरी होणारी, अशा वेळी १६४ चे अडीच लाख कमी वाटले तरी पक्के. उलट पाय किंवा हात कायमचा अधू होऊन धंद्यावर परिणाम होणार असेल, तर ३०-४० टक्के कापले गेले तरी १६६ मध्येच जास्त मिळते. आपला हिशेब दोन्ही बाजूंनी कागदावर मांडा. वकिलाला मांडायला लावा.

सापळा: विमा कंपनीने देऊ केलेली १६४ ची रक्कम स्वीकारलीत की न्यायाधिकरणातला तुमचा दावा संपतो. ‘आता एवढे घ्या, उरलेले कोर्टातून बघा’ असे कोणी सांगितले तर ते खोटे आहे.

६. जमवायचे कागद

एफआयआर, पंचनामा आणि नकाशा, चार्जशीट (झाल्यावर), वाहनाचे आरसी (नोंदणीपत्र), विमा पॉलिसी आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती, केसपेपर व डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे (फिल्मसकट, नुसता रिपोर्ट नव्हे), औषधांची, फिजिओची, रिक्षा-टॅक्सीची बिले, आधार, बँक पासबुक, वयाचा पुरावा, मिळकतीचा पुरावा. सरकारी इस्पितळात फुकट उपचार झाले म्हणून बिले नाहीत असे समजू नका. कुबड्या, पट्टे, बाहेरून आणलेली औषधे, गोमेकॉला जायच्या फेऱ्या हे सगळे मोजले जाते. मी पहिल्या महिन्याच्या पावत्या फेकून दिल्या, तेवढे गेलेच.

मिळकत दाखवायला माझ्याकडे ना पगारपत्रक, ना रिटर्न. होती ती मापांची वही. प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, छाती, कंबर, बाही, शिलाईचे पैसे, आगाऊ किती, बाकी किती, आणि कपडा दिल्याची तारीख. जुलैच्या त्या तारखेनंतर पाने कोरी. वकिलाने वही पुढे सरकवली, न्यायाधीशांनी कोरी पाने एकेक करून उलटली. महिना १८ हजार मिळकत धरली गेली ती तिच्यावरून. रिक्षावाले, गाडेवाले, पदेर (पाववाले), घरकाम करणाऱ्या बायका, तुमचीही अशी एखादी वही, यूपीआयचा उतारा किंवा उधारीचा कागद असणारच. शोधा.

अपंगत्वाचा दाखला सरकारी वैद्यकीय मंडळाकडून घ्या. माझ्या दाखल्यावर १२ टक्के होते. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार खटल्यात सांगितले आहे की डॉक्टरांचे टक्के एक आणि कमाईवरचा परिणाम दुसरा. पायाने मशीन चालवणाऱ्याच्या घोट्याचे आणि बँकेतल्या कारकुनाच्या घोट्याचे मोल सारखे नाही. माझे १५ धरले.

७. कुठे, केव्हा, कोणामार्फत

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागतो, बोलीत ‘एमएसीटी’. अपघात झाला ती जागा, तुम्ही राहता ती किंवा प्रतिवादी राहतो ती, यांतले कुठलेही न्यायाधिकरण चालते. तेव्हा फोंड्याच्या माणसाला काणकोणात अपघात झाला तरी खेपा आपल्या भागात घालता येतात.

मुदत अपघातापासून सहा महिने, १ एप्रिल २०२२ पासून. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नका. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो आणि तोच दावा म्हणून धरता येतो. कागदावर छान आहे. मी तरी तुम्हाला स्वतःचा अर्ज स्वतः लावायलाच सांगेन.

वकिलाला ‘मिळेल त्याचे इतके टक्के’ कबूल करू नका. वकिलांच्या आचारनियमांतच त्याला मनाई आहे. फी आकड्यात ठरवा आणि पावती घ्या. वॉर्डात फिरून ‘क्लेम करून देतो’ म्हणणाऱ्याला कोरे वकालतनामे तर मुळीच नाहीत. बायका, मुले, अपंग, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

८. घरी येणारी माणसे

पहिला येतो वाहनमालक, केळी-सफरचंदे घेऊन. ‘वीस हजार देतो, पोलिसांत कशाला?’ दुसरा येतो विमा कंपनीचा तपासनीस, फार गोड बोलणारा. चहा द्या, लेखी जबाब देऊ नका. ‘चूक माझीच हो’ असे आपली माणसे सौजन्याने बोलून जातात आणि ते बरोबर अहवालात उतरते. ‘वकिलांशी बोला’ एवढे पुरे.

९. उलटतपासणी

माझ्या वकिलांनी बजावले होते, जेवढे विचारतील तेवढेच बोला. कंपनीच्या वकिलाने सुरुवातीलाच विचारले, ‘तुम्ही बसच्या पुढून गेलात, मागून नाही, खरे ना?’ मी म्हटले, ‘खरे.’ ‘बस थांबलेली असताना पलीकडचे दिसत नाही, हे तुम्हाला माहीत होते?’ ‘होते.’ ‘मग धावलात का?’ ‘धावलो नाही. छत्री उघडी होती, धावलो असतो तर उलटी झाली असती.’ मागे बसलेले कोणीतरी हसले.

मग त्यांनी विचारले, मशीनला मोटर का बसवत नाही? म्हटले, बसवली आहे, पण काजे आणि कॉलर पायाच्या अंदाजानेच नीट येतात. शिवणकाम करणाऱ्याला विचारा, तो हेच सांगेल.

चालक साक्षीला आलाच नाही. जो म्हणतो की पादचारी अचानक आला, त्याने स्वतः पिंजऱ्यात येऊन सांगितले नाही तर ते त्याच्या विरुद्ध जाते. आमच्या वकिलांनी त्यावर एकच मुद्दा लावून धरला: थांबलेल्या बसला ओव्हरटेक करताना आडून माणूस येऊ शकतो हे चालकाला कळायलाच हवे, वेग त्यानेही कमी करायला हवा होता. कंपनी माझ्याकडे ५० टक्के मागत होती. निकालात माझे २० धरले. मी कबूल केले नसते आणि फोटोतल्या बसने मला खोटे पाडले असते, तर किती धरले असते कोणास ठाऊक.

१०. आकडे कसे बसतात

वय ४६, म्हणजे गुणक (वर्षाच्या मिळकतीला ज्याने गुणायचे तो आकडा) १३. हे गुणक सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाच्या (२००९) तक्त्यातून येतात. स्वतःचा धंदा आणि वय चाळीस ते पन्नासमध्ये, म्हणून भविष्यातल्या वाढीचे २५ टक्के वर, हे प्रणय सेठी निकालातून (२०१७).

१८,००० × १२ × १३ चे १५ टक्के = ४,२१,२००. त्यावर २५ टक्के धरून ५,२६,५००. सहा महिने दुकान बंद, १,०८,०००. औषधे आणि फिजिओ ४६,०००. वेदना-यातना ७५,०००. सोबतीचा माणूस, खाणेपिणे, प्रवास ४०,०००. एकूण ७,९५,५००. माझे २० टक्के, म्हणजे १,५९,१००, वजा. हातात ६,३६,४०० आणि वर व्याज. बसच्या पुढून टाकलेल्या चार पावलांची किंमत दीड लाखावर गेली. तरी १६४ च्या अडीच लाखांपेक्षा हे कितीतरी बरे.

मागणी कमी लिहिली म्हणून घाबरू नका. न्याय्य वाटल्यास न्यायाधिकरण मागितल्यापेक्षा जास्तही देऊ शकते.

११. लोकअदालत, अपील आणि शेवटचे कागद

मध्येच कधीतरी लोकअदालतीची नोटीस येईल. जा, पण क्रमांक १० सारखा हिशेब खिशात ठेवून जा. ‘अर्धे-अर्धे’ हा कंपनीचा पहिला आकडा असतो, शेवटचा नव्हे. तिथे सही केलीत की अपील नाही.

न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे पर्वरीला, अपील करता येते. वादाची रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर नाही. पैसे बहुधा थेट खात्यात येतात आणि काही भाग मुदत ठेवीत अडकवला जातो. मोठ्या गरजेसाठी तो आधी सोडवायचा असेल तर अर्ज द्यावा लागतो.

आणि मूळ कागद परत मागून घ्या. अपिलाची मुदत टळल्यावर अर्ज करायचा, प्रमाणित प्रती ठेवून मूळ मिळतात. माझी मापांची वही निशाणी क्रमांक चिकटवून परत आली. चार गिऱ्हाइकांची बाकी तिच्यातच होती, दोघांनी दिली.